चार लग्नं, चार जागा, चार ऋतू: गोव्यात शूट करणाऱ्यांनी जरा सांगा

डिचोलीचो_फोटूवालो

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा. इतके दिवस दुसऱ्यांच्या हाताखाली सेकंड कॅमेरा केला, आता २०२६ ची स्वतःच्या नावावर चार लग्नं घेतलीयेत आणि गंमत म्हणजे एकाचा दुसऱ्याशी काही म्हणजे काही संबंध नाही.

पहिलं फेब्रुवारीत फोंड्याला, देवळाच्या हॉलमध्ये, दुपारचा मुहूर्त. दुसरं मे च्या पहिल्या आठवड्यात पेडण्यात, घरच्याच आंगणात माटव (मांडव) घालून. तिसरं जूनच्या शेवटी सत्तरीत, म्हणजे भर पावसात, आणि तिथं पण घरच्यांना हॉल नको, बागेतच करायचंय म्हणतात. चौथं २८ डिसेंबरला, मुलगा सासष्टीचा ख्रिश्चन आणि मुलगी म्हापशाची आपल्यातली, चारला इगर्जीत (चर्चमध्ये) लग्न आणि मग दर्यावरच्या रिसॉर्टात रिसेप्शन.

चारही घरच्यांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच मागणी केलीय, आम्हाला हसरे फोटो पाहिजेत, स्टेजवर ओळीने उभे राहिलेले नको. आता मी सेकंड कॅमेराला असताना हसरे फोटो मलाच मिळायचे कारण मेन माणूस स्टेजवर अडकलेला असायचा आणि मी मोकळा फिरायचो, पण आता मीच मेन आहे तर दोन्ही कसं सांभाळायचं? आणि प्रकाशाचं काय? फोंड्याचा हॉल, पेडण्याचं ऊन, सत्तरीचा पाऊस, सासष्टीचा सूर्यास्त, प्रत्येक ठिकाणी नेमकं काय बघून ठेवायचं ते जाणत्यांनी सांगा. सामान म्हणाल तर दोन कॅमेरा बॉडी आहेत, २४-७०, ८५ आणि उसनवारीचा ७०-२०० अशा लेन्स, दोन फ्लॅश. ड्रोन घ्यावा का तेही सांगा, पेडणेवाले त्यासाठी फारच मागे लागलेत.

फोंडेकार_काका

बाबा, अभिनंदन आधी. फोंडा महालातल्या हॉलांत माझी उमर गेली, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो, बाकीचं बाकीचे सांगतील.

मुहूर्त ज्या वेळेचा आहे त्याच वेळेला आधी एकदा हॉलवर जाऊन ये. संध्याकाळी जाऊन उपयोग नाही. आमच्याकडचे बरेच हॉल देवळाच्या आवारात अग्रशाळेला लागून आहेत, एका बाजूला उघडी गॅलरी आणि तिथून दुपारचा पांढरा उजेड आत येतो, वर ट्यूब, स्टेजवर डेकोरेशनवाल्याचे रंगीत एलईडी आणि मागे हल्ली तो एलईडी स्क्रीन. म्हणजे चार जातीचा उजेड एकाच चेहऱ्यावर. तुझं व्हाईट बॅलन्स (रंग खरे दिसायची सेटिंग) बिचारं करणार काय? डेकोरेशनवाल्याला फोन करून गोड बोलून सांग की विधी चालू असताना जांभळे-निळे दिवे बंद ठेव, रिसेप्शनला लाव पाहिजे तेवढे. नव्वद टक्के वेळा ऐकतात. त्यांनाही आपल्या कामाचे बरे फोटो पाहिजेच असतात.

शटरकडे लक्ष ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात, १/२५० ला गेलास की फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या. १/१०० किंवा १/५० वर राहा, व्हिडिओवाला असेल तर त्याला पण २५ फ्रेमला १/५० सांग. आणि अक्षता पडतायत, हार उडतोय, असं काही गोठवायचं असेल तर शटर वाढवत बसू नको, फ्लॅश मार, फ्लॅशच गोठवतो.

देवळात कॅमेरा कुठपर्यंत चालतो ते देवस्थानच्या ऑफिसात विचारून घे. गर्भकुडीत तर कॅमेरा नाहीच, काही ठिकाणी सभामंडपात पण नाही, आणि नियम प्रत्येक देवळाचा वेगळा, मंगेशीला चालतं ते म्हार्दोळला चालेलच असं नाही. मात्र दीपस्तंभ आणि तळी बाहेर आहेत. फेब्रुवारीत सकाळी नऊच्या आत तळीच्या पायऱ्यांवर जो उजेड मिळतो तो दुपारी नाही मिळणार. नवरीचं आवरून झालं असेल तर दहा मिनिटं माग, जास्त नको, नायतर तिची आवय (आई) तुला हुसकावेल.

आता हसऱ्या फोटोंचं. लोक म्हणतात नशीब लागतं, मी म्हणतो विधीचा क्रम पाठ लागतो. लग्नात लोक कुठं हसणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. अंतरपाट खाली येतो तेव्हा स्टेजच्या समोर उभा राहिलास तर तुला पाठी आणि पडदा मिळेल. बाजूला उभा राहा, अंतरपाटाच्या रेषेत, मग दोघांचे चेहरे एकाच फ्रेममध्ये येतात. हार घालताना मित्र नवऱ्याला उचलून धरणार हे ठरलेलं आहे, तर आधीच एक पाऊल मागे सर आणि वाईड ठेव. लाजाहोमाला नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, तो तर माझ्या मते सगळ्या लग्नातला सर्वात बरा फोटो, आणि अर्धे फोटोग्राफर त्यावेळी जेवायला गेलेले असतात.

जेवणावरून आठवलं, पहिल्या पंगतीला बसून घे. लाजू नको. शेवटच्या पंगतीपर्यंत थांबलास तर नेमकी तेव्हा गृहप्रवेशाची गाडी सुटते आणि तू उपाशी गाडी चालवत मागून.

मडगांवची_मारिया_नव्हे

काका कान पिळायच्या फोटोला शंभर मार्क! पण एका गोष्टीवर माझं जमत नाही. हॉलमध्ये विधी चालू असताना फ्लॅश मी काढतच नाही. होमाचा धूर असतो त्यात फ्लॅश मारला की पांढरी भिंत उभी राहते समोर, आणि लोकांना कॅमेऱ्याची आठवण होते, मग हसू आवरून सगळे गंभीर चेहरे करून बसतात. मी ८५ वर एफ १.८ आणि आयएसओ ३२०० ठेवते म्हणजे फ्लॅशशिवाय उजेड पुरतो, ग्रेन (बारीक दाणे) आला तर आला. गेल्या काही वर्षांत एकाही घरच्यांनी ग्रेनची तक्रार केली नाही, डोळे मिटल्याची मात्र केलीय.

डिचोलीच्या भावा, तुझ्या डिसेंबरच्या लग्नाबद्दल सांगते कारण सासष्टीत माझी तसली बरीच होतात. २८ तारीख आहे म्हणजे नाताळ झाल्यावरचा आठवडा, तो आमच्याकडे सगळ्यात घाईचा. आगमनकाळात (नाताळाच्या आधीचे आठवडे) आणि लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ) चर्चमध्ये लग्नं शक्यतो ठेवत नाहीत, त्यामुळे नाताळानंतर आणि मग ईस्टरनंतर एकदम झुंबड, शिवाय गल्फातले आणि बोटीवरचे लोक सुट्टीला आलेले असतात. एकाच दिवशी त्याच इगर्जीत दोन लग्नं असू शकतात. पाद्रीबाबना आधी भेट, फ्लॅश चालेल का, आल्तारच्या किती जवळ जाऊ शकतोस, ते त्यांच्या तोंडून ऐक. एकदा तू स्वतः जाऊन विचारलंस की लग्नाच्या दिवशी ते तुझ्याकडे बघत पण नाहीत.

आता वेळ मोज. चारला मीस (चर्चमधली प्रार्थना), बाहेर यायला सव्वापाच होतात कमीत कमी. डिसेंबर अखेर आपल्याकडे सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो. मग पायऱ्यांवर शेकहँड, मिठ्या, घरच्यांचा ग्रुप, ह्यात वीस-पंचवीस मिनिटं गेली की रिसॉर्टला पोचेपर्यंत सूर्य संपला. म्हणून तुला दोनातलं एक निवडायला लागेल आणि मी तर पायऱ्याच निवडीन. इगर्जीची दर्शनी बाजू पश्चिमेला असेल तर सोन्यासारखं ऊन थेट पायऱ्यांवर येतं आणि तिथं सगळेच्या सगळे खऱ्या आनंदात असतात, मावश्या रडतायत, पोरं कन्फेटी उडवतायत. पश्चिमेला नसेल तर पायऱ्या सावलीत, मग एक्स्पोजर चेहऱ्यांवर धर आणि आभाळ पांढरं झालं तर होऊ दे.

दर्यावर पोचलास तरी घाबरू नको, सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटं आभाळ निळं-जांभळं असतं तो उजेड चेहऱ्याला सूर्यापेक्षा मऊ. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे म्हणून जोडप्याच्या मागे दर्या घेतलास की ते नेहमीच उजेडाकडे पाठ करून असणार. त्यांना किनाऱ्याला समांतर चालायला सांग, एका गालावर उजेड येतो. भरती-ओहोटीची वेळ पण बघून जा, भरतीला वाळूचा पट्टा कधी कधी टेबलांपाशीच येऊन ठेपतो.

आणि रोस विसरू नको. लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाचा रोस आणि तेल डोक्यावर ओततात, ओतणारे ओळीने येतात आणि दोन-तीन जणांनंतर शिस्त संपते, बादलीभर रोस कुठून येतो कोण जाणे. मला वर्षातले सगळ्यात हसरे फोटो रोसमध्ये मिळतात. मुलगी आपल्यातली असली तरी मुलाच्या घरी रोस होणारच, विचार. फक्त लेन्सच्या पुढे फिल्टर लाव आणि बॉडीवर साधी प्लास्टिकची पिशवी रबरबँडने, नारळाचं तेल बटणांत गेलं तर जात नाही.

शेवटचं, बाईमाणसाच्या खोलीत तू एकटा जाऊ नको. चुडो (लग्नाच्या बांगड्या) भरताना, साडी नेसताना जो गोंधळ आणि थट्टा चालते ती खरी मजा, पण पुरुष आत आला की संपली. एखादी मुलगी सेकंड कॅमेराला घे, मडगांवात आता आहेत पुष्कळ.

भटजी_बार्देस

मंडळी, मी पौरोहित्य करतो, कॅमेरा हातात धरत नाही, पण कॅमेरेवाल्यांच्या मध्येच माझं आयुष्य चाललंय तर दोन शब्द मी पण लिहितो.

डिचोलकर, तुमच्या तारखा बघून हसू आलं, कारण त्या अशाच येणार होत्या. २०२६ ला जानेवारीत शुक्राचा अस्त, म्हणून फेब्रुवारी भरला. पुढे १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, अधिक महिन्यात लग्न नाही, त्यामुळे मे ची लग्नं सगळी पहिल्या पंधरवड्यात कोंबली गेली आणि राहिलेली गेली जूनच्या उत्तरार्धात. पुढे २५ जुलैला आषाढी एकादशी, चातुर्मास. तर सत्तरीवाल्यांनी हौस म्हणून पावसात लग्न ठेवलेलं नाही, पंचांगाने ठेवलंय. नोव्हेंबरात कार्तिकी एकादशीनंतर तुळशीचं लग्न झालं की परत सुरू. हे आधी कळलं की तुम्हाला पण बुकिंगचा अंदाज येतो, दाते किंवा कालनिर्णय उघडून बघत चला.

आता तक्रार. कन्यादानाच्या वेळी मुलीच्या बापाच्या हातावरून पाणी सोडतो तो क्षण दोन श्वासांचा असतो. तेवढ्यात कोणीतरी म्हणतो, भटजी एक मिनिट, परत एकदा. परत कसलं? संकल्प परत होत नाही. हार परत घाला म्हणतात, सप्तपदीचं शेवटचं पाऊल परत टाका म्हणतात, आणि यजमान पण हो म्हणतात कारण पैसे दिलेत. चेहरा बघा त्यांचा दुसऱ्या वेळी, पहिल्या वेळचं हसू त्यात असतं का?

त्यापेक्षा सकाळी पुण्याहवाचन चालू असताना माझ्याकडे या, चहाला बसा, विचारा की भटजी आज काय काय करणार आहात आणि कुठल्या दिशेला बसवणार. मी सांगतो. मी तर सांगून थांबतो पण, आता बघा अंतरपाट काढतोय म्हणून कॅमेरेवाल्याकडे मान हलवतो. विचारणारे फार थोडे येतात. आणि घरी गेल्यावर अंगठी शोधायचा खेळ असतो, परातीत हळदीचं पाणी आणि दोघांचे हात आत, तिथं आम्ही भट मंडळी नसतो आणि बहुतेक वेळा फोटोग्राफर पण नसतो. माप ओलांडलं की कॅमेरे बंद. तिथं थांबा हो.

गेल्यावर्सची_व्हंकल

मी फोटोग्राफर नाही, गेल्या वर्षी लग्न झालं माझं, म्हणून नवरीच्या बाजूने. आमच्या फोटोवाल्याने (नाव नको) रिसेप्शनच्या आधी आम्हाला पाऊण तास बागेत फिरवलं, हात असा धर, वर बघ, आता हसा, आता एकमेकांकडे बघून हसा. आत दोनशे माणसं स्टेजसमोर रांग लावून उभी, सासूबाईंचे फोन वर फोन, आणि माझ्या डोळ्यांत फक्त घड्याळ. ते सगळे फोटो अल्बममध्ये पहिल्या पानांवर आहेत, मी ती पानं उलटते पटापट.

जो फोटो मी फोनवर लावलाय तो हळदीचा. आमच्या राजांगणात (घरातला मधला चौक) तुळशीपाशी पाटावर बसवलं होतं, आजीने हळद लावताना माझ्या नाकालाच लावली आणि स्वतःच इतकी हसली की तिची कवळी हलली, आणि ती हाताने तोंड झाकतेय तेवढ्यात कोणीतरी टिपलं. राजांगण वरून उघडं असतं ना, त्यामुळे उजेड वरून आलाय आणि भिंतींवरून परत. कोणी लाईट लावला नव्हता.

तर दादा, जुनं घर असेल तर लाईट लावायच्या आधी राजांगण बघ. आणि घरच्यांना आधीच विचार कोण खूप हसतं घरात, प्रत्येक घरात असा एक काका नायतर आत्या असतेच. त्यांच्या बाजूला उभा राहा, आपोआप मिळेल.

फुलांचे पण काढ हं. माझ्या केसांत सुरंगीचा वळेसर (गजरा) होता, ती फुलं उन्हाळ्याच्या सुरवातीला थोडेच दिवस असतात. आता तो फोटो बघितला की वास येतो. पावसाळ्यातल्या नवरीला जायांची फाती (जाईच्या फुलांची वेणी) मिळते का बघ.

सिलिका_जेल

मी फक्त दमट हवा आणि ड्रोन ह्या दोनच विषयांवर, बाकी वरच्यांनी बरंच सांगितलंय.

आपल्याकडे एसी गाडीतून किंवा एसी हॉलमधून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर बाष्प धरतं, मे आणि जूनमध्ये तर हमखास, आणि ते फडक्याने पुसून जात नाही कारण परत धरतं. गाडीतला एसी पोचायच्या अर्धा तास आधी बंद कर, नायतर कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून बाहेर ठेव आणि पिशवीच्याच बाहेरून बाष्प धरू दे, आतला कॅमेरा हवेइतका गरम झाला की काढ. घरी आल्यावर लेन्स कपाटात कपड्यांबरोबर ठेवू नको, बुरशी येते आणि एकदा आली की काच खाते. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर, परवडत नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, साधा हायग्रोमीटर आत टाकून. दर्यावरून आल्यावर किंचित ओल्या फडक्याने पुसायचं आधी, मीठ राहतं अंगावर, सुकं पुसलं तर घासलं जातं.

ड्रोन. पेडणेवाल्यांना सांग की मोपा विमानतळ त्यांच्याच तालुक्यात आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय ह्या सरकारी वेबसाईटवर नकाशा आहे, लाल-पिवळा-हिरवा, लाल आणि पिवळ्यात परवानगीशिवाय उडवायचाच नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवं म्हणजे २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडे ४०० फूट. दाबोळी तर नौदलाचा तळ, त्या बाजूला विचार पण करू नको. २५० ग्रॅमच्या आतला नॅनो असला तर पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, त्यावर गेलास आणि पैसे घेऊन उडवतोयस तर लागतं. मला विचारशील तर माटवाच्या वरून दिसणार काय, ताडपत्री.

डिचोलीचो_फोटूवालो

देव बरें करूं सगळ्यांचं! ड्रोन कॅन्सल, त्यांना ताडपत्रीचंच कारण सांगतो, पटेल. सिल्वेस्टरच्या (३१ डिसेंबरच्या) आधी मडगांवच्या ताईला फोन करायचा विचार आहे, सेकंड कॅमेराला कोणी मुलगी असेल तर सांगा ताई, पैसे रीतसर देईन.

भटजी, फेब्रुवारीच्या लग्नाला चहा नक्की. आणि व्हंकल ताई, पेडण्याच्या घरात राजांगण आहे! काल बघून आलो. पण लग्न बाहेर आंगणात आहे आणि घरच्यांनी पिवळा-केशरी सॅटिनचा माटव बुक केलाय, त्याखाली सगळ्यांची तोंडं संत्र्यासारखी दिसणार. त्याचं काय करू? आणि पावसाचं अजून कोणी नाही सांगितलं.

फोंडेकार_काका

माटववाल्याला सांग वर सॅटिन लाव पण त्याच्या खाली आतून पांढरं कापड मार, निदान जिथं विधी होणार तेवढ्या जागेवर. बाजूंना झावळ्या घालतायत तर घालू देत, त्या बऱ्या दिसतात. कपड्यातून गाळून आलेला रंग नंतर कॉम्प्युटरवर काढायला गेलास तर साडीचा पण रंग जातो.

आणि एक, मे च्या सुरवातीला आपल्या गोव्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, आपण साडेपंधरा अंशांवर आहोत ना. दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली पायाखाली, डोळ्यांच्या जागी खड्डे. मुहूर्त त्याच सुमाराला असेल तर माटवाच्या कडेला, जिथं आंगणातल्या चिऱ्यांवरून उजेड उसळून आत येतो, तिथं पाट मांडायला सांग. खालून आलेला उजेड चेहऱ्याला चांगला, जरा तांबूस येईल पण त्वचेला तो शोभतो. डिसेंबरात ही अडचण नसते, भर दुपारी पण सूर्य पन्नासेक अंशांच्या वर जात नाही.

वाळपयचो_पावस

सत्तरीतलाच आहे म्हणून पावसाचं मी सांगतो. उशिरा आलो धाग्यावर, नेटवर्क गेलं होतं, तेच पहिलं लक्षात ठेव, तुझा क्लायंट त्या दिवशी फोनवर सापडणार नाही आणि वीज पण जाणार. जनरेटर आहे का विचार, नसेल तर फ्लॅशचे सेल दुप्पट आण.

जूनअखेरचा आमच्याकडचा उजेड मला स्वतःला वर्षातला सगळ्यात आवडतो. आभाळ झाकलेलं, कुठं कडक सावली नाही, काजूची झाडं, माड, सगळं धुतलेलं. फक्त दोन गोष्टी. बागेतल्या पानांचा हिरवा चेहऱ्यावर येतो, म्हणून जोडप्याला झाडाच्या अगदी खाली उभं करू नको, जरा मोकळ्यात आण. आणि ताडपत्री निळी नको! आमच्याकडे पावसाळ्यात सगळीकडे निळीच ताडपत्री असते, तिच्याखाली नवरी आजारी दिसते. पांढरी किंवा पारदर्शक मिळते, आधीच सांगायला लागतं. छत्र्या पण तशाच, पांढऱ्या किंवा पारदर्शक चार-पाच तूच घेऊन जा, लोक लाल-निळ्या आणतात मग अर्धा चेहरा लाल.

पाऊस फोटोत दिसत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते. दिसतो, पण मागून उजेड पाहिजे. काळोख पडत आला की एक फ्लॅश जोडप्याच्या मागे जमिनीपाशी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, तोंड कॅमेऱ्याकडे, मागे गडद झाडी. थेंब सगळे चमकतात. समोरून मारलास तर थेंब नाकासमोर पांढरे ठिपके होतात.

आणि पावसात लोक जास्त हसतात हो, खरंच सांगतो. उन्हाळ्यातल्या लग्नात सगळे घामाने वैतागलेले असतात आणि पावसात एकदा भिजले की साडी-बिडी विसरतात. वरात माटवापर्यंत पोचेपर्यंत भिजणारच, ढोल-ताशावाले प्लास्टिक गुंडाळून वाजवत असतात. तू माटवाच्या आत उभा राहून बाहेरून येणाऱ्यांवर कॅमेरा धर, तू सुका आणि ते ओले, छत्री मिटवून आत पाऊल टाकतानाच प्रत्येकजण हसतो.

आंगणात शेवाळ असतं, बूट बघून घाल.

मडगांवची_मारिया_नव्हे

भावा, मेसेज केलाय. एक मुलगी आहे, २८ ला मोकळी, रोसला पण येईल. आणि रिसेप्शनचं एक राहिलंच, उघड्यावर असेल तर रात्री दहाला स्पीकर बंद, नियमच आहे, त्यामुळे नाचाचे सगळे फोटो साडेआठ ते दहा मध्येच धर. ग्रँड मार्च (पाहुण्यांची जोड्यांनी निघणारी नाचाची मिरवणूक) आणि पहिला डान्स कधी ते एमसीला (सूत्रसंचालकाला) विचारून ठेव. दक्षिणेत आगोंद, गालजीबाग आणि उत्तरेत मोरजी, मांद्रे ह्या बाजूला कधी बुकिंग आलं तर लक्षात ठेव, तिथं हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, वाळूवर मोठे लाईट लावायला देत नाहीत. तुझं रिसॉर्ट कुठलं?

डिचोलीचो_फोटूवालो

बाणावलीच्या बाजूला ताई. मग लाईटचं रिसॉर्टवाल्यांनाच विचारतो. इगर्जीची दर्शनी बाजू बघायला येत्या रविवारी चारला जातोय, मीस चालू असेल तर मागे बसतो.

मडगांवची_मारिया_नव्हे

रविवारी चारला मीस नसते बहुतेक ठिकाणी, सकाळीच असते. पण जा, दार बंद असलं तरी पायऱ्यांवर ऊन कुठपर्यंत येतं ते दिसेल. डिसेंबरात ते दक्षिणेकडे बरंच सरकलेलं असतं, तेवढा हिशेब धर.